वाचक विचारतात: बारोलो एवढी तुरट का लागली?

प्रश्न: आम्ही इटलीत तोरिनोला गेलो होतो. जेवताना हौसेने मेनूतली महागातली बारोलो ही रेड वाइन मागवली आणि सोबत भाजलेला मासा. पहिल्या घोटातच तोंड कोरडं पडलं, आणि मासा खाऊन परत प्यायल्यावर तर लोखंड चाटल्यासारखी चव आली. बाटली खराब होती का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: नाही हो, बाटली चांगलीच असणार, जोडी चुकली. बारोलो फक्त नेब्बिओलो या एकाच द्राक्षाची करतात आणि तिचा रंग इतका फिका असतो की बघणाऱ्याला वाटतं हलकी असेल, पण टॅनिन मात्र दणकून. टॅनिन म्हणजे तोच तुरटपणा जो कच्च्या केळ्यात, आवळ्यात, जास्त उकळलेल्या कोऱ्या चहात असतो. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि जिभेवरचा बुळबुळीतपणाच काढून घेतं, म्हणून तोंड कोरडं. सोबत चरबी असलेलं मटण असलं की ते टॅनिन तिकडे गुंततं आणि तीच वाइन एकदम मऊ लागते, खरंच वेगळी बाटली उघडल्यासारखी. म्हणून तर पिएमोंते या बारोलोच्या भागातले लोक बीफ बारोलोमध्येच तासन्‌तास शिजवतात, ब्राझातो म्हणतात त्याला, आणि तीच वाइन ताटाशेजारी ठेवतात. माशाचं उलटं होतं. रेड वाइनमधलं थोडंसं लोह माशाच्या तेलाशी भिडतं आणि तुम्ही म्हणता ती चव येते.

कायद्याने बारोलो किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडात, तरी बाजारात येते तेव्हा ती तरुणच असते. मिळाली तर दहाएक वर्षं जुनी घ्या, नाहीतर तास-दोन तास आधी मोठ्या काचेच्या जगमध्ये ओतून ठेवा. मग वास घ्या, वाळलेला गुलाब आणि डांबर. डांबर ऐकून नाक मुरडू नका, पावसाळ्याआधी रस्ता करताना लांबून येतो ना तसा, आणि मला तो फार आवडतो. मासाच खायचा असेल तर त्याच भागातली रोएरो आर्नेइस ही व्हाइट मागवा, नाशपतीसारखी, स्वच्छ, आणि खिशालाही बरी.

प्रश्न: आम्ही शाकाहारी, फ्लोरेन्स आणि जेनोवाला जाणार आहोत. सगळीकडे लिहिलंय रेड म्हणजे मांस, मग आम्ही काय करायचं? (एक वाचक, पुणे)

उत्तर: तुम्ही तर मजेत खाल-प्याल! फ्लोरेन्समध्ये रिबोल्लिता खा, शिळा पाव, पांढरे बीन्स आणि काळपट पालेभाजी घालून केलेलं घट्ट सूप, वरून ऑलिव्ह तेल. सोबत कियांती क्लासिको, काळ्या कोंबड्याचं चित्र असलेली. तिच्यात किमान 80 टक्के सांजोवेझे द्राक्ष असतं आणि तिचा आंबटपणा मला अर्धवट पिकलेल्या करवंदाच्या जवळचा वाटतो. टोमॅटोचं काहीही असलं तरी हीच घ्या, कारण टोमॅटो स्वतः आंबट, त्याच्यापुढे कमी आंबट वाइन पाणचट होते. जेनोवाला फारिनाता सोडू नका, हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, तेल, भट्टीत भाजलेलं, म्हणजे आपल्या बेसनाच्या पोळ्याचं चुलत भावंडच. त्याच्यावर थंडगार वर्मेंतिनो, लिंबाची साल आणि किंचित खारटपणा असलेली व्हाइट.

एक मात्र सांभाळा. पार्मिजानो रेज्जानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं आणि पेस्तो या हिरव्या चटणीमध्ये बहुतेक वेळा हेच चीज असतं, तेव्हा आधी विचारा. काही वाइनसुद्धा अंड्याच्या पांढऱ्याने किंवा जिलेटिनने नितळ करतात, ते नको असेल तर लेबलवर वेगानो शब्द बघा.

प्रश्न: प्रोसेक्को या बुडबुड्यांच्या वाइनच्या बाटलीवर एक्स्ट्रा ड्राय लिहिलं होतं तरी गोड लागली, असं कसं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: यात सगळेच फसतात. एक्स्ट्रा ड्राय म्हणजे लिटरला साधारण 12 ते 17 ग्रॅम साखर, नुसतं ड्राय लिहिलेली त्याहून गोड आणि ब्रूत मात्र 12 पर्यंतच. जेवणाआधी तळलेलं, खारट काही असेल तर ब्रूत घ्या, बुडबुडे आणि आंबटपणा तेलाला कापतात. केकबरोबर ब्रूत नको, वाइन पदार्थापेक्षा कमी गोड असली की नुसती आंबट लागते. गोडाबरोबर मोस्कातो दास्ती ही गोड वाइन, अल्कोहोल जेमतेम 5 टक्क्यांच्या आसपास, पीच आणि फुलांचा वास. पिएमोंतेत हेझलनटच्या केकबरोबर ती देतात आणि ती जोडी मी कधीच नाकारत नाही.

प्रश्न: लाम्ब्रुस्को ही बुडबुड्यांची रेड वाइन म्हणजे गोड सरबत असं मित्र म्हणतो, खरंय का? (एक वाचक, बोलोन्या)

उत्तर: तुम्ही तर तिच्या घरातच राहता! मित्राने गोडवालीच प्यायली असणार. लेबलवर सेक्को बघा, म्हणजे गोड नसलेली. तिच्या प्रकारांपैकी सोर्बारा घेतलीत तर फिकट गुलाबी, चांगली आंबट, ग्रास्पारोस्सा गडद आणि जरा तुरट. तुमच्याकडच्या मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणि रागू, म्हणजे मांसाचा रस्सा, घातलेल्या ताल्यातेल्ले पास्त्याबरोबर दुसरं काही मागवूच नका, तूपकट जेवणावर आपण सोलकढी पितो तसं तोंड साफ होतं. आणि हो, रेड असली तरी फ्रिजमध्ये ठेवून थंड प्यायची.