घरी गाणं आणि गिटार रेकॉर्ड करायला दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटारचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी पेटी) पुरेल का?

एकटेच गाणार-वाजवणार असाल तर पुरेल. जास्त इनपुट लागतात ते ड्रम्स किंवा अख्खा बँड एकदम रेकॉर्ड करताना. कंडेन्सर माइक (विजेवर चालणारा संवेदनशील माइक) असेल तर त्याला बहुधा ४८ व्होल्ट फॅन्टम पॉवर, म्हणजे इंटरफेसने माइकच्या केबलमधूनच दिलेली वीज, लागते. गिटार थेट जोडायची तर ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ इनपुट बघा, नाहीतर आवाज मलूल येतो. १९२ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटच्या (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात, त्याच्या) जाहिरातीला भुलू नका. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ घरच्या कामाला भरपूर झालं. त्यापेक्षा मी डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे आपला आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये ऐकायची सोय, आहे का ते बघेन. स्वतःचाच आवाज हेडफोनमध्ये जरासा उशिरा आला, की भलाभला गायकही तालातून सुटतो. आणि हो, विंडोज वापरत असाल तर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेस आणि कॉम्प्युटरमध्ये आवाज कमी उशिराने पोचवणारं सॉफ्टवेअर) मिळतो ना, हे घेण्याआधीच तपासा.