शिंतो देवस्थानात 'दर्शन' घेता येतं का?

प्रश्न असा आला आहे: जपानच्या प्रवासवर्णनात 'इत्सुकुशिमा मंदिरात प्रतिष्ठापना केलेल्या तीन देवींचं दर्शन घेतलं' असं लिहिलं तर चालेल का?

'मंदिर' बोलण्यात चालेल. लिहिताना पंचाईत होते, कारण जपानीत शिंतो या जपानच्या मूळ धर्माचं ते 'जिंजा' आणि बौद्धांचं ते 'तेरा', आपण मात्र दोन्हींना मंदिरच म्हणतो. इत्सुकुशिमा ज्या मियाजिमा बेटावर आहे तिथे तर दोन्ही शेजारी शेजारी आहेत. मी जिंजाला 'देवस्थान' म्हणेन. (त्यावरून विश्वस्त मंडळ आणि पावतीपुस्तक आठवतं, त्याला इलाज नाही.)

'प्रतिष्ठापना' मात्र खटकते. हा शब्द आला की मराठी वाचक मूर्ती शोधू लागतो. शिंतो देवाचा वास बहुधा एखाद्या वस्तूत मानतात, आरसा किंवा तलवार. तिला 'शिंताई' म्हणतात. ती गाभाऱ्यात बंद असते, भाविकाच्या नजरेला पडत नाही. नारा प्रांतातल्या ओमिवा देवस्थानाला तर गाभाराच नाही. मिवा डोंगर हीच शिंताई, पुढे पूजेचा मंडप तेवढा बांधलेला. अशा जागेसाठी आपल्याकडे 'ठाणं' हा नेमका शब्द आहे. वेशीवरच्या शेंदूर फासलेल्या दगडालाही आपण देवाचं ठाणं म्हणतोच की! तेव्हा 'इथे इचिकिशिमा-हिमे, तागोरि-हिमे आणि तागित्सु-हिमे या तीन देवींचं ठाणं आहे' असं खुशाल लिहावं.

राहिलं 'दर्शन'. काही दिसतच नाही तर दर्शन कसलं, ही शंका रास्त वाटते, पण टिकत नाही. आषाढीला पंढरपुरात रांग न गाठता कळसाला हात जोडणारा वारकरीही दर्शन झालं म्हणतो. इत्सुकुशिमाला लोक दोनदा वाकतात, दोनदा टाळी वाजवतात, पुन्हा एकदा वाकतात. याला दर्शन म्हणायला माझी हरकत नाही.

'तिथली एक देवी म्हणजे आपली सरस्वती' असंही प्रवासवर्णनांत सापडतं. ते निम्मं खरं. सरस्वतीचं जपानी रूप बेंझाइतेन, आणि इचिकिशिमा-हिमे व ती पूर्वी एकच मानली जात. १८६८ मध्ये मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध वेगळे करण्याचे हुकूम काढले, त्यानंतर बेंझाइतेनची मूर्ती जवळच्या दाइगान-जी या बौद्ध मंदिरात गेली. तिच्याबद्दल लिहिताना मंदिर, मूर्ती, प्रतिष्ठापना, सगळे शब्द बिनदिक्कत वापरा.