घार वाचवायची असेल तर टॉवेल धुवायला या

जखमी पक्षी-प्राण्यांची उपचारकेंद्रं आणि आपण त्यांना करायची मदत, यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या सहांना इथे उत्तरं देतो.

एसीच्या मागचं खारीचं घरटं मेकॅनिकने काढलं. दोन पिल्लं आहेत, डोळेही उघडलेले नाहीत. मुलगी ड्रॉपरने दूध पाजतेय. केंद्रावर भार न टाकता आम्हीच वाढवली तर? (मुलुंड)

आधी दूध थांबवा. गाईच्या दुधाने या पिल्लांना जुलाब होतात. शिवाय ड्रॉपरमधून एक थेंब जोरात गेला तरी तो फुप्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होतो. अंग गार पडलेल्या पिल्लाला तर काहीच पाजायचं नसतं, त्याला आधी ऊब हवी. बुटांच्या खोक्यात मऊ सुती कापड घाला, कोमट पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून शेजारी ठेवा आणि खोकं त्याच खिडकीच्या छज्ज्यावर उघडं ठेवून दिवसाउजेडी दोन-तीन तास लांबून बघा. कावळ्या-मांजरांवर मात्र नजर असू द्या. खार बहुतेक वेळा परत येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा गैरसमज आहे.

अंधार पडेपर्यंत ती आली नाही, तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा किंवा थेट केंद्र गाठा. तिथे रोज सकाळी प्लास्टिकच्या डब्यात ठेवून पिल्लाचं वजन ग्रॅममध्ये घेतात. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, एक मिलीच्या सिरिंजने भरवतात. भरवून झालं की ओल्या कापसाने पोटाखाली हलकेच पुसतात, कारण आईने चाटल्याशिवाय त्याला लघवी होत नाही. हे घरी निभणं कठीण आहे आणि वन्यजीव घरी ठेवणं बेकायदाही आहे. 1972च्या वन्यजीव कायद्यानुसार सापडलेला वन्यजीव सरकारी मालमत्ता असतो आणि 48 तासांत त्याची खबर द्यावी लागते. मुलीला वाईट वाटेल. पण एकटं वाढलेलं, माणसाच्या खांद्यावर चढणारं पिल्लू बाहेर सोडलं की पहिल्याच मांजराच्या तोंडी जातं. केंद्रात ते चार खारींबरोबर वाढतं आणि माणसाला बिचकायला शिकतं.

मांज्यात अडकलेली घार मी रिक्षाने केंद्रात नेली, देणगीही दिली. चौथ्या दिवशी कळलं की तिला 'झोपवलं'. मला फसवल्यासारखं वाटतंय. जगवता आली नसती का? (विक्रोळी)

तुम्ही कामधंदा सोडून तिला नेलंत, म्हणून हे इतकं लागलं. टेबलावर काय दिसतं ते सांगतो. नायलॉनचा मांजा आधी दिसतच नाही. दिवा तिरका धरला की रक्ताने चिकटलेल्या पिसांमध्ये एक रेघ चमकते. खांदा आणि मनगट यांच्यामध्ये पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा पातळ पडदा असतो, तो त्या रेघेवर फाटलेला असतो. घारीने सुटायची धडपड केलेली असेल तर मांजा हाडापर्यंत गेलेला असतो. नुसती कातडी फाटली असेल तर टाके घालता येतात आणि अशा कितीतरी घारी पुन्हा उडतात. पण सांधा तुटला किंवा उघडं पडलेलं हाड सुकून निस्तेज झालं, की तो पंख परत चालत नाही.

मग तिला पिंजऱ्यात ठेवायचं का? घार वीस वर्षंसुद्धा जगू शकते. तापलेल्या हवेवर स्वार होऊन तासन् तास तरंगणारा हा पक्षी. एका जागी उभं राहून तिच्या तळव्यांना फोड येतात, ते चिघळतात, जाळीवर आपटून पिसं मोडतात. हे मी पाहिलंय, आणि अशा घारीला वाचवली म्हणायला माझी जीभ रेटत नाही. केंद्राचं काम प्राणी परत बाहेर सोडणं. ते शक्यच नसेल तेव्हा त्याच्या वेदना थांबवणं हाही उपचारच आहे. तुम्ही नेली नसतीत, तर ती त्याच झाडावर उलटी लटकून दोन-तीन दिवसांनी मेली असती.

केंद्राने ते तुम्हाला नीट समजावून सांगायला हवं होतं, तिथे मात्र तुमची तक्रार रास्त आहे. देणगीदाराने विचारावंच: किती आले, किती सोडले, किती दगावले? 'आमच्याकडे सगळे वाचतात' म्हणणाऱ्या जागेपासून मी लांब राहतो.

नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017मध्ये देशभर बंदी घातली, तरी संक्रांत आली की तो मिळतोच. सण झाला की गच्चीवरचा आणि हाताला येणाऱ्या फांद्यांवरचा मांजा गोळा करा, कात्रीने त्याचे बोटाएवढे तुकडे करा आणि मगच कचऱ्यात टाका.

वडिलांच्या वर्षश्राद्धाला काही द्यायचं आहे. पैसे द्यावेत की वस्तू? (दादर)

पैसे. जमलं तर एकदम न देता दरमहा थोडे. संक्रांतीला आणि पावसाळ्यात सगळ्यांना आठवण येते, पण डॉक्टरांचा पगार, एक्स-रे, घुबडांसाठी चिकन, ऊब देणाऱ्या दिव्यांचं वीजबिल हा खर्च बारा महिने असतो. वनविभागाची परवानगी आहे का आणि पशुवैद्यक कोण, हे आधी विचारा. देणगीवर आयकरात सवलत हवी असेल तर 2,000 रुपयांच्या वर रोख देऊ नका, ती मिळत नाही.

वस्तू द्यायच्याच असतील तर आधी फोन करा. टर्किश टॉवेल नकोत, त्यांच्या धाग्यांत नखं अडकतात. वडिलांची जुनी, धुऊन मऊ झालेली धोतरं असतील तर ती जरूर द्या. त्यांच्याइतकं चांगलं अंथरूण नाही. आठवणीसाठी देणं या शहराला नवं नाही. परळचं 'बैलघोडा' हॉस्पिटल सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून उभं राहिलं आणि त्यावर त्यांच्या पत्नी सकरबाईंचं नाव आहे.

घरातलं कासव मोठं झालंय. तलावात सोडू का? (अंधेरी)

अजिबात नको. डोळ्यांमागे लाल पट्टा असेल तर ते अमेरिकेतलं आहे, इथल्या कासवांच्या अन्नावर आणि जागेवर ते हक्क सांगतं. पाठीवर चांदण्या असतील तर ते पाळणंच गुन्हा आहे. दोन्ही बाबतींत 1926वर विचारा.

तीन रविवार केंद्रात गेले. टॉवेल धुतले, पपई चिरली. एकाही प्राण्याला हात लावू दिला नाही, फोटोसुद्धा नाही. माझा काय उपयोग? (बोरिवली)

खूप आहे. पिंगळ्याच्या खोक्यातलं कापड दिवसातून दोनदा बदलावं लागतं. ते कुणी धुतलं नाही तर बुरशी धरते आणि त्या खोलीतली सगळी पाखरं आजारी पडतात. तुम्ही दोन तास बादलीशी बसलात म्हणून डॉक्टरांना टाके घालायला दोन तास मिळाले. हात न लावण्यामागे कारण आहे: जंगली जीवाच्या लेखी आपण शिकारी. आपण कुरवाळतो तेव्हा तो शांत झालेला नसतो, भीतीने गोठलेला असतो. तशा भीतीने लहान पक्षी हातातच मरतात.

पुढच्या रविवारी एकच विचारा: रात्री आठनंतर गोरेगावहून पक्षी आणायला कुणी आहे का? बहुतेक ठिकाणी उत्तर 'नाही' येईल. झाकणाला भोकं पाडलेलं खोकं मांडीवर धरून रिक्षात गप्प बसणारी माणसं कमी आहेत.

सोसायटीच्या झाडावर बगळ्यांची पन्नासेक घरटी आहेत. गाड्या घाण होतात, वास येतो. ऑगस्टमध्ये फांद्या छाटून घ्याव्यात असं कमिटीचं म्हणणं आहे. (चेंबूर)

सेक्रेटरीसाहेब, कृपा करून थांबा. बगळे, ढोकरी, पाणकावळे यांची वीण पावसाळ्यातच असते. एक फांदी पडली की न उडणारी डझनभर पिल्लं एकदम खाली येतात. प्रत्येकाला दिवसातून अनेकदा चिमट्याने मासे भरवावे लागतात. एवढी पिल्लं एका दिवशी सांभाळेल असं केंद्र माझ्या माहितीत नाही. वर पालिकेच्या उद्यान खात्याच्या परवानगीशिवाय छाटणी करता येत नाही, 1975चा झाडांचा कायदा आहे. तोवर गाड्यांवर ताडपत्री टाका, झाडाखाली चुन्याची भुकटी मारा आणि खाली पडलेलं पिल्लू दिसलं तर खोक्यात घालून कळवा. घरटी रिकामी झाली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात अर्ज करा.