डायलॉग बॉक्समध्ये ओळी हाताने तोडू नका

भाऊ, रावेर-यावलचे केळीभाव टर्मिनलच्या खिडकीत दाखवणारी तुमची शेल स्क्रिप्ट पाहिली. काम छान आहे, पण मजकूर भलतीकडेच तुटतोय. शेतकऱ्याला भाव एका नजरेत कळला पाहिजे. एंटर मारून ओळी जुळवत बसू नका. 'डायलॉग' कमांडला (टर्मिनलमध्ये संदेशाची चौकट दाखवणारी) उंची-रुंदी दोन्ही शून्य द्या, आकार ती स्वतः ठरवते. खरंच नवी ओळ हवी तिथेच बॅकस्लॅश-एन (\n) लिहा. भावांचे रकाने सरळ राहायला नो-कोलॅप्स (--no-collapse) हा पर्याय हवाच, नाहीतर सलग स्पेसची एकच होते.

आणि मराठी मजकूर बाइट मोजून कधीच कापू नका. 'रावेर' म्हणजे ५ कोडपॉइंट (युनिकोडची सुटी चिन्हं), यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत १५ बाइट, अन् पडद्यावरची रुंदी तिसरीच! बाइट मध्येच कापला की अक्षराचा चुराडा. लोकेल (सिस्टिमची भाषा-लिपीची सेटिंग) यूटीएफ-८ आहे ना, ते आधी बघा. मग ८० रकान्यांच्या टर्मिनल खिडकीत स्क्रिप्ट चालवून बघा.