टाचदुखी असताना धावण्याचे बूट निवडताना

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकताच टाचेत कळ येते आणि थोडे चालल्यावर ती ओसरते, असे सांगून धावण्यासाठी कोणते बूट घ्यावेत, हे तुम्ही विचारता. टाचेपासून बोटांपर्यंत गेलेल्या तळपायाच्या जाड पट्ट्यावर ताण आल्याचे हे बहुधा लक्षण असते. अशा वेळी मऊ बुटांनी आराम मिळतो, हे खरे. परंतु बूट जितका मऊ तितका चांगला, असे कृपया समजू नका. मी स्वतः ती चूक केली होती: दुकानात उशीसारखे वाटलेले बूट घेतले आणि महिन्याभरात पाऊल आतल्या बाजूला कलू लागून दुखणे वाढले.

म्हणून बूट आधी हातात घेऊन पाहा. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबल्यास सहज चेपता कामा नये, आणि वाकवल्यास बूट बोटांच्या सांध्यापाशी वाकावा, मधोमध दुमडू नये. टाचेची बाजू पुढच्या भागापेक्षा ८ ते १० मिलिमीटर उंच असेल, तर पोटरीवरचा ताण हलका होतो. दिवसभरात पावले किंचित फुगत असल्यामुळे खरेदी संध्याकाळी करा. धावतानाचेच मोजे घालून, दोन्ही पायांत बूट चढवून, सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरते का, ते उभे राहून तपासा.

वरून बूट नवा दिसला, तरी आतला फोम साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर दबतो. पोटरी ताणण्याचा व्यायाम रोज करा, कारण नुसता बूट पुरा पडत नाही. पायाला बधिरता किंवा सूज असेल, तर खरेदीआधी अस्थिरोगतज्ज्ञांना पाय दाखवा.