महाकाय रोबोंचे गेम कधीच खेळलो नाही. सुरुवात कुठून करू?

डोळे झाकून 'आर्मर्ड कोअर ६' घ्या. २०२३ मध्ये आला. कथा स्वतंत्र आहे, त्यामुळे आधीचे भाग खेळले नसले तरी काही अडत नाही. खरी मजा गॅरेजमध्ये, म्हणजे रोबोचे सुटे भाग जोडायच्या जागेत आहे. पाय बदलले की अख्खा रोबो बदलतो: उलट्या गुडघ्यांचे पाय उंच उडी मारतात, चार पायांचा रोबो हवेत तरंगत गोळीबार करतो, रणगाड्यासारखे पट्टे लावले तर जड तोफाही न थांबता डागता येतात. फक्त पाय किती वजन पेलतात आणि जनरेटर किती पुरा पडतो, हे सांभाळावं लागतं.

पहिल्या प्रकरणाच्या शेवटी बाल्टियस नावाचा बलाढ्य शत्रू (बॉस) भेटतो आणि भलेभले तिथे अडकतात. सोडू नका! त्याच्याभोवती ऊर्जेचं कवच असतं; साध्या गोळ्यांनी ते फोडायला वेळ लागतो, पल्स गनने झटपट फुटतं. कवच गेलं रे गेलं की जवळ घुसून तलवार चालवा. हरलात तर चेकपॉइंटवर (जिथून लढाई पुन्हा सुरू होते तिथे) शस्त्रं बदलता येतात, ती सोय बिनधास्त वापरा.

संथ, जडशीळ चालीची यंत्रं आवडत असतील तर 'मेकवॉरियर ५: क्लॅन्स' बघा. तिथे बेभान गोळीबार केला की यंत्र तापून बंद पडतं.