युद्धबंदी झाली की युद्धबंदी झाले?

एका वाचकाने विचारलंय की कोरियन युद्धावरच्या एका मराठी व्हिडिओत ‘१९५३ मध्ये तह झाला’ असं ऐकलं, एका जुन्या पुस्तकात त्यालाच ‘युद्धबंदी’ म्हटलंय, पेपरात कधी ‘युद्धविराम’ कधी ‘शस्त्रसंधी’, तर यातला बरोबर शब्द कुठला, आणि युद्धबंदी म्हणजे तर पकडलेला सैनिक ना?

‘तह’ आधी बाजूला काढा. हा शब्द या बाबतीत इतक्या वेळा ऐकलाय की आता कानाला टोचतो. पुरंदरचा तह, सालबाईचा तह म्हणजे दोन्हीकडचे लोक बसले, किल्ले, मुलूख, खंडणी काय ते ठरलं आणि भांडण मिटलं, निदान कागदावर तरी मिटलं. कोरियात असं काही झालेलंच नाही, आजपर्यंत नाही. २७ जुलै १९५३ ला पानमुनजॉम या गावी जो कागद झाला तो सेनापतींचा कागद होता, एकीकडून संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे अमेरिकन जनरल मार्क क्लार्क, दुसरीकडून उत्तर कोरियाचे किम इल सुंग आणि चिनी ‘स्वयंसेवकां’चे (म्हणजे चीनच्या फौजेचेच) पेंग देहुआई. दक्षिण कोरियाची त्यावर सहीच नाही! ज्यांच्या घरात आग लागली होती त्यातल्या एकाने सही केलेली नाही आणि आपण खुशाल तह झाला म्हणतो. राजकीय प्रश्नासाठी तीन महिन्यांत परिषद घ्या अशी शिफारस त्या कागदातच होती, ती परिषद १९५४ मध्ये जिनिव्हाला झाली आणि कोरियाबाबत सगळे हात हलवत परत गेले.

युद्धविराम चालेल, शस्त्रसंधीही चालेल, त्यावर वेळ घालवत नाही. खरी मजा तुम्ही शेवटी जाता जाता विचारलेल्या शब्दात आहे.

युद्धबंदी. ‘तो युद्धबंदी’ म्हणजे पकडलेला सैनिक आणि ‘ती युद्धबंदी’ म्हणजे लढाई थांबणं. ‘युद्धबंदी झाली’ म्हटलं की तोफा थांबल्या, ‘युद्धबंदी झाले’ म्हटलं की माणसं पकडली गेली, एका वेलांटीवर सगळा अर्थ फिरतो. आता लोक काय सांगतात, की पहिला बंदी संस्कृत आणि दुसरी बंदी फारसी, दोघांचा संबंध नाही, योगायोगाने सारखे दिसतात. शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकापासून ते मोठमोठ्या व्याख्यानांपर्यंत हेच. मला हे अजिबात पटत नाही, आणि का ते सांगतो.

संस्कृतात बांधणे याचा धातू बन्ध्, शेवटी ध. त्यातून बंधन, बद्ध, बंधू, प्रबंध, सगळीकडे ध. मग बंदीतच द कुठून आला? इराणी भाषांमध्ये हे असले हकारयुक्त व्यंजन हकार टाकून देतात, आपला भ्रातृ तिकडे बिरादर होतो, भूमी तिकडे बूम होते, तसा बन्ध् तिकडे बंद होतो. म्हणजे तो द हाच त्या शब्दाचा पासपोर्ट आहे. यावर लगेच उत्तर येतं की अहो संस्कृत नाटकात अप्सरेला दैत्यांनी ‘बन्दीकृता’ म्हणजे पकडून नेल्याचं आहे, तेव्हा मुसलमानी अंमल कुठे होता? नव्हताच, पण इराणी शब्द यायला सुलतान यावा लागत नाही! लिपी, क्षत्रप, मिहीर हे शब्द त्याच्या कितीतरी आधी तिकडून आलेले आहेत. संस्कृत ग्रंथात सापडला म्हणून तो मुळातच संस्कृत, हा निकष लावणाऱ्या मंडळींनी एकदा लिपी हा शब्द ज्यातून आला तो जुना इराणी ‘दिपि’ बघावा. (बंदीजन म्हणजे स्तुती गाणारे भाट, ते मात्र वेगळे, ते वन्द् धातूचे, वंदन करणारे. आणि बंदूक या घराण्यातली नाही, ती अरबी बुन्दुक, म्हणजे गोळी.)

आता माझा आवडता भाग. फारसीत ‘ई’ दोन आहेत. एक ई भाववाचक नाम करते, दोस्तची दोस्ती, गरीबची गरिबी, याला ते या-ए-मसदरी म्हणतात. दुसरी ई ‘त्याचा, त्यातला’ असं सांगते, सरकारचा तो सरकारी, शहरातला तो शहरी, कागदाचा तो कागदी, ही या-ए-निस्बत. ‘बंद’ म्हणजे बंध, बांधलेलं. त्याला पहिली ई लावली की बांधणं ही क्रिया, ती बंदी. दुसरी ई लावली की बंधातला माणूस, तो बंदी. म्हणजे युद्धबंदीतला ‘तो’ आणि ‘ती’ ही सख्खी भावंडं आहेत, एकाच बंदची, फरक फक्त शेपटाला लावलेल्या ईचा! बंदा, बंदोबस्त, कमरबंद हेही त्याच घरातले, आणि बंदोबस्तातला ‘बस्त’सुद्धा त्याच क्रियापदाचं भूतकाळी रूप, म्हणून बांधून ठेवलेल्या कागदांचा बस्ता. दप्तर बस्त्यात बांधणारा कारकून आणि छावणीत बांधलेला सैनिक एका धातूवर उभे आहेत.

आणखी एक, जुन्या शब्दांत बंदी म्हणजे मनाई नाहीच. तटबंदी म्हणजे तट बंद करणं नव्हे, तट बांधणं. जमाबंदी, हदबंदी, मोर्चेबंदी, सगळीकडे बांधणं, ठरवणं, रचणं. मनाईचा अर्थ मागाहून बळावला, दारूबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, जमावबंदी. लढाई थांबवण्याची युद्धबंदी या दुसऱ्या रांगेतली आहे. जुन्या रांगेतली असती तर युद्धबंदी म्हणजे युद्धाची रचना असा उलटाच अर्थ झाला असता.

हे सगळं कोरियाशी कुठे जुळतं? अगदी मधोमध. मी काही वर्षांपूर्वी एका इतिहासाच्या पुस्तिकेचं भाषांतर करत होतो, त्यात मी लिहिलं होतं ‘युद्धबंदीच्या प्रश्नावर युद्धबंदी अडली’. तपासणाऱ्याने लाल पेनाने पहिला शब्द खोडला आणि शेजारी ‘द्विरुक्ती’ लिहिलं. द्विरुक्ती नव्हती हो ती, तोच तर १९५२ सालचा सगळा इतिहास होता. (वाक्य मात्र मी बदललं, पहिल्या जागी ‘युद्धकैद्यांच्या’ केलं, वाचकाला कोडं घालायचं नसतं.)

बघा, बोलणी सुरू झाली १० जुलै १९५१ ला केसाँगमध्ये, मग ती पानमुनजॉमला गेली. १९५२ च्या उन्हाळ्यापर्यंत सीमारेषा, देखरेख, बाकी बहुतेक सगळं उरकत आलेलं, अडलं ते कैद्यांवर. १९४९ चा जिनिव्हा करार सांगतो की लढाई थांबली की कैदी विनाविलंब परत पाठवा. अमेरिका म्हणाली, जो परत जायला तयार नाही त्याला आम्ही जबरदस्तीने ढकलणार नाही. १९५२ च्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजेच्या छावण्यांमध्ये विचारणा झाली तेव्हा सुमारे १ लाख ७० हजारांपैकी साधारण ७० हजारच परत जायला तयार निघाले, आणि समोरच्या कम्युनिस्ट बाजूला हा आकडा ऐकवल्यावर बोलणी जी गोठली ती वर्षभर. त्या वर्षभरात माणसं मरत होती, डोंगर एकदा याच्याकडे एकदा त्याच्याकडे. ‘तो’ युद्धबंदी सुटत नाही म्हणून ‘ती’ युद्धबंदी होत नाही.

शेवटी ८ जून १९५३ ला कैद्यांचा प्रश्न सुटला, आणि दहा दिवसांनी दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी तो तोडगा उधळून लावला. ऱ्हींना युद्धबंदी नकोच होती, देश अर्धा ठेवून थांबायचं त्यांना मान्य नव्हतं. जुलै १९५० मध्ये त्यांनीच आपल्या फौजेची सूत्रं अमेरिकन सेनापती मॅकआर्थरच्या हातात दिलेली, पण छावण्यांच्या दारावर पहारा कोरियन शिपायांचा होता आणि १८ जूनच्या पहाटे त्या शिपायांनी ऱ्हींचं ऐकलं. पुसान, मासान, नोनसानच्या छावण्यांमधून कम्युनिस्टविरोधी असे सुमारे २७ हजार कैदी बाहेर पडले आणि गावागावांत मिसळून गेले. वॉशिंग्टन हादरलं. ऱ्हींना पदावरून हटवायचा एक बेत अमेरिकन सैन्याने आधीपासून कागदावर तयार ठेवला होता, त्याचं नाव ‘एव्हररेडी’. पण तो वापरला नाही, अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आपले दूत वॉल्टर रॉबर्टसन यांना सोलला पाठवलं आणि दोन आठवड्यांवर रोज बोलणी. शेवटी ऱ्ही म्हणाले सही करणार नाही, पण आडवंही येणार नाही. बदल्यात काय, तर परस्पर संरक्षणाचा करार, आर्थिक मदत, आणि फौज वीस डिव्हिजनपर्यंत वाढवायला पाठिंबा. तो करार १ ऑक्टोबर १९५३ ला वॉशिंग्टनला झाला आणि आजही त्याच्याच आधारावर अमेरिकन सैन्य तिथे आहे. मित्राला गप्प बसवायला शत्रूपेक्षा जास्त द्यावं लागलं, असं माझं मत.

सहीचा प्रसंग वाचलात तर शब्द आपोआप सुचेल. सकाळचे दहा, लाकडी इमारत, अमेरिकन जनरल हॅरिसन एका दाराने आत, उत्तर कोरियाचे जनरल नाम इल दुसऱ्या दाराने, मसुद्याच्या अठरा प्रती, इंग्रजी, कोरियन, चिनी, दोघे आपापल्या टेबलाशी बसून दहा-बारा मिनिटं नुसते सह्या करतात, एकमेकांशी एक अक्षर बोलत नाहीत, आणि उठून जातात. बाहेर तोफा चालूच, कारण गोळीबार थांबायचा होता रात्री दहाला. याला मी जुना मराठी शब्द वापरीन, युद्धतहकुबी. सभा तहकूब होते म्हणजे काय होतं? संपत नाही, विषय तसाच राहतो, पुन्हा बोलावता येते. पूर्वी लोक सर्रास वापरायचे, आता ‘फारसी आहे’ म्हणून टाकलाय आणि जागी आणलाय युद्धविराम. शुद्धीच्या हट्टात नेमका शब्द गेला याचं मला वाईट वाटतं. आणि यातला ‘तह’ बघून तहकुबी म्हणजे तहाचा प्रकार असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, तो तुकडा नुसता दिसायला सारखा आहे.

सही न करणाऱ्या ऱ्हींचा राग आपल्यावरही होता हे इथे सांगायलाच हवं. परत जायला नकार देणारे बावीस हजारांवर कैदी भारतीय फौजेच्या ताब्यात द्यायचं ठरलं, कैद्यांच्या परतीसाठी नेमलेल्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि पहाऱ्याच्या फौजेचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. ऱ्ही म्हणाले भारतीय सैनिकाचा पाय माझ्या जमिनीला लागता कामा नये. मग आपले जवान इंचॉनच्या बंदरातून अमेरिकन हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात नेले, तिथे जो तळ उभा राहिला त्याचं नाव हिंद नगर. जानेवारी १९५४ मध्ये काम संपलं तेव्हा ऐंशीच्या वर माणसं अशी उरली ज्यांना उत्तरही नको होतं आणि दक्षिणही, ती आपल्या फौजेबरोबर जहाजाने भारतात आली. युद्धबंदी होऊन सहा महिने झाले होते आणि ही माणसं अजून युद्धबंदीच.

कोरियन लोकांचंही असंच एका स्वरावर अडलंय. त्यांच्या भाषेत त्या कराराला जॉंगजॉन म्हणतात, म्हणजे लढाई थांबवणं, आणि लढाई संपणं याला जोंगजॉन. ऑ आणि ओ, बस एवढाच फरक. रोजच्या बोलण्यात ह्यूजॉन हाही आहे, त्यातलं ‘ह्यू’ म्हणजे विश्रांती, चिनी लिपीत ते चिन्ह झाडाशेजारी माणूस असं काढतात, आपल्या विरामाच्या अगदी जवळचं. २७ एप्रिल २०१८ ला दक्षिण कोरियाचे तेव्हाचे अध्यक्ष मून जे-इन आणि उत्तरेचे किम जोंग उन यांनी पानमुनजॉमलाच जाहीर केलं की या वर्षात जोंगजॉन करू, पुढे २०२१ मध्ये मून यांनी संयुक्त राष्ट्रांत तीच मागणी पुन्हा केली, पण अमेरिका कचरत राहिली, कारण युद्ध संपलं असं एकदा म्हटलं की मग तुमचं सैन्य इथे कशाला हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी येणार. ऑचा ओ अजून झालेला नाही.

तर व्हिडिओवाल्याला कळवायचं असेल तर वाक्य असं द्या: ‘जुलै १९५३ मध्ये कोरियात युद्धतहकुबी झाली, तह अजून व्हायचा आहे.’ आणि कैद्यांबद्दल लिहाल तेव्हा अनेकवचनात ‘युद्धबंद्यांना’ लिहा, ‘युद्धबंदींना’ नको.